फट बुजवण्याआधी: शहरातली वटवाघळं ओळखण्याची आणि जपण्याची रीत

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं. दोन विंगांच्या मधली उभी फट वरपासून खालपर्यंत बुजवायची होती. काम दिवसाउजेडी झालं आणि चोख झालं. तिसऱ्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "भिंतीतून काहीतरी बारीक चिरचिरतंय." सकाळी भराव खरवडून काढला, तर आत अंगठ्याएवढी वटवाघळं एकमेकांना बिलगून ओळीनं बसलेली. काही माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती. बहुतेक मेली होती. मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं. फट रिकामी आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी खाली उभं राहून अर्धा तास वर बघावं हे कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

शहरात वटवाघळं मरतात ती बहुतेक अशीच, चुकीच्या तारखेला केलेल्या चांगल्या कामामुळे. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जागा दोन गोष्टींना दिली आहे. आपल्या भोवतीची वटवाघळं कुठे राहतात ते शोधणं ही एक, आणि त्यांचं वर्षाचं वेळापत्रक वहीत उतरवणं ही दुसरी. पेट्या, दिवे, झाडं हे सगळं त्यानंतर.

आधी ओळख करून घ्या

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या पाच जातींतली साधारण एक वटवाघळाची असते. पंख मारत खऱ्या अर्थानं उडणारा सस्तन प्राणी हा एवढाच. त्याचा पंख म्हणजे खरं तर हात आहे. लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेला कातडीचा पातळ पडदा, आणि वर बाहेर आलेला नखाचा अंगठा. एकदा हे जवळून पाहिलं की त्याला पक्षी म्हणावंसं वाटत नाही.

सुरुवातीला जाती ओळखायच्या भानगडीत पडू नका. दोन गट वेगळे करता आले तरी पुरे. पहिला गट मोठ्या फळखाऊ वटवाघळांचा. त्यांचं तोंड कुत्र्यासारखं, डोळे मोठे. यातली सगळ्यात मोठी दिवसा उंच झाडांवर उघड्यावर लटकतात, भांडतात, पंखानं वारा घेतात. वाट काढायला ती मुख्यतः डोळे आणि नाक वापरतात. दुसरा गट छोट्या, किडे खाणाऱ्यांचा. ही फटीत, छताखाली, पाटीच्या मागे, पुलाच्या सांध्यात किंवा झाडाच्या ढोलीत दडून राहतात. आपला आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून ती अंधारात वाट आणि भक्ष्य दोन्ही शोधतात. शहरात रोज आपल्या डोक्यावरून जाणारी आणि आपल्याला कधीच न दिसणारी ती हीच.

हे गणित उलगडायला माणसाला दीडशे वर्षं लागली. १७९० च्या दशकात इटलीत स्पालान्झानींनी पाहिलं की डोळे गेलेलं वटवाघूळ बिनचूक उडतं. पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये ज्युरीन यांना दिसलं की कान बुजवले तर ते आपटतं. कानांनी कसं दिसतं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी माणसाला ऐकू न येणारे आवाज पकडणाऱ्या यंत्रासमोर वटवाघूळ धरलं, तेव्हा उत्तर मिळालं.

वटवाघूळ आंधळं असतं ही समजूत खोटी आहे. सगळ्या जातींना दिसतं. ते केसांत अडकतं हेही खोटं. डोक्याजवळून जातं ते आपल्याभोवती जमलेल्या डासांसाठी. रक्त पिणाऱ्या जाती जगात तीनच आहेत, आणि त्या तिन्ही लॅटिन अमेरिकेत राहतात. एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं, हे त्यांच्या बाजूचे लोक नेहमी सांगतात. तो आकडा प्रयोगशाळेतल्या डासांनी भरलेल्या खोलीवरून काढलेला हिशेब आहे. मोकळ्या आकाशात ती पतंग, भुंगेरे, माश्या, डास, जे हाती लागेल ते खातात. खातात भरपूर, पण फुगवलेले आकडे सांगू नयेत. पुढच्या वर्षी डास तेवढेच राहिले की लोक आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

या सगळ्यात मनावर कोरून ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. उंदराएवढा जीव म्हटला की भराभर पिल्लं होत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. त्या बदल्यात आयुष्य फार मोठं असतं. सायबेरियात खूणचिठ्ठी लावून सोडलेलं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं, आणि त्या जातीचं वजन जेमतेम ७ ग्रॅम असतं. म्हणजे एका दुपारी पन्नास माद्या गेल्या तर ती वसाहत दोन-तीन वर्षांत भरून निघत नाही, कदाचित कधीच नाही.

संध्याकाळची मोजणी

यंत्र नको, परवाना नको. एक वही, घड्याळ आणि शक्य असेल तर सोबतीला एक माणूस पुरे. हवा शांत आणि पाऊस नसलेली संध्याकाळ निवडा.

सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी जागेवर जा. इमारतीकडे तोंड करून असे उभे राहा की संशयित फटीच्या मागे किंवा बाजूला उजळ आकाश येईल. भिंतीच्या पार्श्वभूमीवर छोटं वटवाघूळ दिसतच नाही. आकाशावर त्याची काळी आकृती अर्धा सेकंद का होईना, उमटते. टॉर्च लावू नका, फटीवर तर मुळीच नाही. उजेड पडला की ती बाहेर यायची थांबतात, तुमची मोजणी चुकते आणि त्यांची शिकारही.

पहिलं वटवाघूळ बाहेर पडल्याची वेळ लिहा. अनेक छोट्या जाती सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांत निघतात. काही त्याआधी, तर काही पूर्ण काळोख झाल्यावर. निघण्याआधी फटीच्या तोंडाशी खसखस होते, बारीक किचकिच ऐकू येते. मग एकेक जण फटीतून खाली घसरतो, हातभर पडतो आणि पंख उघडतो. हे पडणं नीट बघून ठेवा, कारण फटीखाली किती मोकळी जागा लागते ते त्यावरून कळतं. एकानं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. परत आत शिरणारी वेगळी लिहून शेवटी वजा करायची. आकाश दिसेनासं होईपर्यंत किंवा सलग दहा मिनिटं कुणी बाहेर न पडेपर्यंत थांबा.

मोठ्या फळखाऊंची वसाहत असेल तर संध्याकाळी झाड सोडून जाणारे थवे मोजायचे. चारही दिशांना माणसं असली तर उत्तम. दिवसा झाडाखाली टाळ्या वाजवून, फटाके फोडून त्यांना उडवून मोजू नका. भर उन्हात उडालेल्या मादीच्या पोटाला पिल्लू असेल तर ते खाली पडतं.

महिन्यातून दोनदा, त्याच जागेवरून, वर्षभर मोजा. एका मोजणीतून फार काही कळत नाही. बारा महिन्यांच्या चोवीस मोजण्या हातात असल्या तर इमारतीच्या बैठकीत तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं.

आवाज ऐकायचे असतील तर

माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ. बहुतेक किडेखाऊ वटवाघळं त्याच्या वर बोलतात. बॅट डिटेक्टर हे हातात मावणारं यंत्र तो आवाज खाली आणून ऐकवतं. सगळ्यात साध्या प्रकारात रेडिओसारखं चाक असतं. ४० वर ठेवलं की त्या आसपासचे आवाज टकटक किंवा थपथप असे ऐकू येतात. जात ओळखायची घाई नको, ताल ऐका. ठाय लयीत चाललेली टकटक म्हणजे वटवाघूळ हवेत शोध घेत फिरतंय. ती एकदम द्रुत होऊन 'र्र्र्र' अशी संपली की त्यानं किडा धरला किंवा निसटू दिला. दहा मिनिटांत असे किती 'र्र्र्र' ऐकू आले ते लिहिलंत, तर तुमच्या बागेत त्यांना खरंच खायला मिळतंय की ती नुसती वरून जातायत हे समजतं.

आवाजाच्या नोंदी ठेवणारी महागडी यंत्रंही आहेत आणि त्यांच्या जोडीला जात सुचवणारी सॉफ्टवेअरं. सॉफ्टवेअरचं उत्तर जाणकाराला दाखवल्याशिवाय खरं मानू नका. पण कानाची ताकद किती मोठी आहे तेही सांगतो. युरोपात सर्वत्र दिसणारं पिपिस्ट्रेल नावाचं वटवाघूळ एकच जात समजलं जात होतं. १९९० च्या दशकात लक्षात आलं की काही ४५ किलोहर्ट्झच्या आसपास बोलतात, तर काही ५५ च्या. आज त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जातात.

दिवसाच्या खुणा

फटीखाली, खिडकीच्या कठड्यावर किंवा भिंतीवर चिकटलेल्या काळ्या बारीक लेंड्या दिसतात. उंदराच्या की वटवाघळाच्या, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. वाळलेली लेंडी कागदात धरून चिमटीत दाबा. वटवाघळाची असेल तर भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसतात. उंदराची कडक असते. फटीच्या कडेला अंगाच्या तेलानं आलेला तपकिरी डाग, आणि कोपऱ्यात खाली पडलेले पतंगांचे नुसतेच पंख, ही आणखी दोन लक्षणं. हाताला हातमोजा हवाच.

वर्षाचं वेळापत्रक

वहीत चार तारखा शोधायच्या असतात. माद्या एकत्र जमून आकडा अचानक वाढला ती तारीख. मोठी बाहेर गेल्यावरही आतून किचकिच येते ती तारीख, म्हणजे पिल्लं झाली. आकडा दुप्पट होऊन काही उडणारे अडखळत, आपटत परतू लागतात ती तारीख, म्हणजे पिल्लं उडायला लागली. आणि सगळे पांगले ती. छोट्या जातींची पिल्लं साधारण तीन ते सहा आठवड्यांत उडतात. मोठ्या फळखाऊंची कित्येक महिने आईवर अवलंबून असतात.

थंड प्रदेशात पाचवा काळही असतो, हिवाळी झोपेचा. तेव्हा शरीराचं तापमान जवळपास भोवतालच्या हवेइतकं उतरतं, आणि एकदा जागं होण्यात साठवलेल्या चरबीचा मोठा भाग जळतो. अशा काळात माळ्यावर केलेला एक फेरफटकाही त्यांना महागात पडतो.

हे महिने हवामानानुसार बदलतात, म्हणून दुसऱ्या देशातल्या तक्त्यावर विसंबू नका. तुमच्या भिंतीचा तक्ता तुम्हालाच करावा लागेल.

दुरुस्ती, रंगकाम, फटी

गिलावा, रंग, वॉटरप्रूफिंग, छताचं काम ठरलं की ठेकेदाराला बोलावण्याआधी निदान तीन संध्याकाळी मोजा. वटवाघळं आढळली तर काम पिल्लं व्हायच्या आधी किंवा ती पूर्ण उडायला लागल्यानंतरच ठेवा, आणि हिवाळी झोप असेल तिथे तोही काळ वगळा. अनेक देशांत त्यांच्या विसाव्याच्या जागेला हात लावायला वनखात्याची किंवा तशाच यंत्रणेची लेखी परवानगी लागते. आधी विचारा.

शक्य असेल तर फट तशीच राहू द्या. अंगठ्याएवढं वटवाघूळ बोटभर रुंदीच्या फटीत मावतं. आत खोल, कोरडी, खडबडीत जागा असली की त्याला पुरते. ते घरटं बांधत नाही, वायरी किंवा भिंत कुरतडत नाही. पाणी शिरतं म्हणून बुजवायचीच असेल तर खालचा भाग बुजवून वरचा, छज्जाखालचा कोरडा दोन-चार फुटांचा तुकडा मोकळा ठेवता येतो. लाकडाला वाळवीचं औषध लावताना ते सस्तन प्राण्यांना चालणारं आहे का ते विचारा, आणि वास पूर्ण जाऊन लाकूड वाळेपर्यंत वटवाघळं आत नकोत.

खरोखरच बाहेर काढायची वेळ आली, तर एकच पद्धत न्याय्य आहे: एकदिशा दार. ते असं करतात.

मुख्य वाट सोडून बाकीच्या सगळ्या बारीक फटी आधी बंद करा. मग मुख्य फटीवर प्लॅस्टिकची बारीक जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी ठोका, खाली सैल सोडा. जाळी फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबली पाहिजे. आतलं वटवाघूळ भिंतीवरून खाली सरपटत येतं, सुटतं आणि उडतं. परतताना ते फटीच्या तोंडाशी उतरायला बघतं आणि जाळी आडवी येते. जाळीची घरं इतकी बारीक हवीत की त्यात पंखाचा अंगठा अडकणार नाही. जाळीऐवजी दोन इंच व्यासाची, आतून गुळगुळीत नळीही चालते. चांगल्या हवेतल्या किमान पाच ते सात रात्री दार तसंच ठेवा. नंतर दोन संध्याकाळी मोजा. दोन्ही वेळा शून्य आलं, तरच फट बुजवा. आत पिल्लं असताना एकदिशा दार लावलं तर आया बाहेर आणि पिल्लं आत उपाशी, म्हणून तारखांचा एवढा आग्रह.

डांबरगोळ्या, धूर, विषारी फवारे, चिकट पट्ट्या, आवाज काढणारी 'पळवून लावणारी' यंत्रं यांतलं काहीही नको. चिकट पट्टीवरच्या वटवाघळाचा पंख मी सोडवायचा प्रयत्न केला आहे. पडदा फाटत जातो आणि ते सतत ओरडत राहतं.

काळोख राखा

सगळी वटवाघळं दिव्याला भितात असं नाही. वेगानं उडणाऱ्या काही जाती दिव्याभोवतीचे किडे खायला येतात. हळू, झाडाझुडपांतून उडणाऱ्या जाती मात्र उजेडाची रेघ ओलांडत नाहीत. फटीच्या तोंडावर दिवा पडला की बाहेर पडायला उशीर होतो, आणि किड्यांची सगळ्यात जास्त गर्दी असते ती दिवेलागणीचीच वेळ हुकते.

करायचं ते स्वस्त आहे. विसाव्याच्या फटीवर आणि तिथून झाडांपर्यंतच्या वाटेवर थेट उजेड पडणार नाही असं बघा. दिव्याला वरून आणि बाजूनं टोपण बसवा, पांढऱ्या-निळसर दिव्याऐवजी पिवळसर किंवा तांबूस लावा, शोभेचे दिवे टायमरवर टाका. नेदरलँड्समधल्या न्यूकोप गावात २०१८ मध्ये एका नव्या वस्तीत रस्त्याचे दिवेच तांबडे बसवले, कारण त्या रंगाचा वटवाघळांना कमी त्रास होतो असं तिथल्या संशोधनात दिसलं होतं. माणसं त्या उजेडात घरी जातातच.

झाडं, पाणी, जाळी आणि ऊन

जुनं, ढोलीचं, अर्धं वाळलेलं झाड बागकाम करणाऱ्यांना नको असतं आणि वटवाघळांना सगळ्यात जास्त हवं असतं. फांदी धोकादायक असेल तर तेवढीच काढा, आणि कापण्याआधी संध्याकाळी मोजा. ढोली असलेली फांदी खाली आपटू न देता दोरानं उतरवून, तोंड वर ठेवून एक रात्र तशीच पडू द्या. रांगेनं लावलेली झाडं आणि कुंपणाची झुडपं म्हणजे त्यांचे रस्ते. मधलं एकच झाड तोडलं तरी रस्ता तुटतो. रात्री उमलणारी फुलं लावली की पतंग येतात, पतंगांमागून ती. कीटकनाशक फवारत राहिलात तर यातलं काहीच टिकत नाही.

पाणी ती उडता उडता पितात, म्हणून पृष्ठभाग मोकळा लागतो. शेवाळ-पानांनी झाकलेली टाकी निरुपयोगी. पडलेल्याला वर चढता यावं म्हणून टाकीत किंवा तलावात खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवा. उभ्या गुळगुळीत काचेवरून प्रतिध्वनी दुसरीकडेच परावर्तित होतो, त्यामुळे ती त्यांना मोकळी वाट वाटते. वसाहतीजवळच्या मोठ्या काचेसमोर वेल किंवा पडदा असू द्या.

फळझाडांवरच्या सैल, मोठ्या घरांच्या जाळ्या हे मोठ्या वटवाघळांच्या मरणाचं एक मोठं कारण. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी ताणल्यावर ५ मिलिमीटरहून मोठी घरं असलेली जाळी वापरायला बंदी केली आहे. सोपी कसोटी: जाळीत करंगळी घुसली तर ती नको. पांढरी, ताणून बांधलेली घ्या किंवा नुसत्या घडांना कापडी पिशव्या बांधा. कुंपणाची सगळ्यात वरची तार काटेरी नको.

मोठ्या वटवाघळांच्या वसाहतीला ऊन मारतं. तापमान ४२ अंशांच्या वर गेलं की ती सावलीतही तग धरत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या आसपास उष्णतेच्या लाटेत चष्मेवाली म्हणून ओळखली जाणारी सुमारे २३,००० वटवाघळं दोन-तीन दिवसांत गेली. अशा दिवशी झाडाखाली गर्दी करू नका, त्यांना हलवू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. त्या झाडांखालची झुडपं आणि माती फरसबंद करायची योजना असेल तर आत्ताच विरोध करा. खालचा गारवा जातो.

पेटीबद्दल

लोक पेटीपासून सुरुवात करतात, म्हणून मी ती मुद्दाम मागे ठेवली. १९२९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या शुगरलोफ की बेटावर रिक्टर पर्की यांनी डासांवर उपाय म्हणून वटवाघळांसाठी भलामोठा लाकडी मनोराच उभारला. तिथे वटवाघळं कधी राहिलीच नाहीत. घर बांधलं की पाहुणे येतात असं नसतं. आहे ती फट राखणं हे पेटीहून नेहमीच मोलाचं.

तरीही लावायची तर नीट लावा. आतल्या दोन फळ्यांमध्ये २० ते २५ मिलिमीटर अंतर. आतली बाजू खडबडीत, करवतीनं आडव्या खाचा पाडलेली. आत जाळी ठोकायची नाही, रंग किंवा वार्निश आतून लावायचं नाही. खाली तळ उघडा, आणि तळाखाली उतरायला खडबडीत फळीचा वितभर पट्टा. उंची जमिनीपासून किमान चार मीटर, खाली मोकळी हवा, समोर फांदी नाही, जवळ दिवा नाही. झाडापेक्षा भिंत किंवा खांब बरा, मांजरं आणि फांद्या दोन्ही टळतात. थंड प्रदेशात दिवसभर ऊन मिळेल अशी जागा लागते. उष्ण प्रदेशात तीच पेटी भट्टी होते, तिथे दुपारची सावली, हलका रंग आणि हवेसाठी फट हवी. शक्य तर दोन पेट्या वेगवेगळ्या तोंडांना लावा आणि निवड त्यांच्यावर सोडा. रिकामी पेटी दोन-तीन वर्षं तशीच राहू द्या.

आरोग्याची बाजू, सरळ

भीती घालायची नाही आणि लपवायचंही नाही. वटवाघळाला उघड्या हातानं कधीही स्पर्श करू नका. काही जणांत रेबीजचा किंवा त्याच्या जवळचा विषाणू असतो. माणसांना होणारा ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो हे खरं, पण लक्षणं दिसल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, त्यामुळे जोखीम घ्यायची नाही. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लसीबद्दल विचारा. दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही. झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर त्याला सोडून देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दात लागलेलं, अर्धवट खाल्लेलं फळ खाऊ नका. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू पहिल्यांदा आढळला तो फळखाऊ वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत गेला होता. साठलेली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, चांगला मास्क लावा, मगच उचला, कारण तिच्या धुळीतून बुरशीचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

मारून टाकली की रोग जातो, असं वाटणाऱ्यांना युगांडातल्या किटाका खाणीची गोष्ट सांगा. तिथल्या वटवाघळांत मारबर्ग विषाणू सापडल्यावर खाणकामगारांनी ती सगळी संपवली. काही वर्षांनी बाहेरून नवी येऊन राहिली, आणि २०१२ मध्ये तपासलं तेव्हा त्यांच्यातलं विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून अधिक निघालं.

खाली पडलेलं सापडलं तर

घरात शिरून फिरत असेल तर घाबरून टॉवेल मारू नका. आतली दारं बंद करा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, दिवे मालवा, पंखा बंद करा, आणि खोलीतून बाहेर या. बहुतेक वेळा ते वीस मिनिटांत गेलेलं असतं.

जमिनीवर असेल तर आधी मांजर-कुत्रं आणि मुलं लांब करा. जाड हातमोजे घाला. वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवून खालून पुठ्ठा सरकवा. खोक्याला बारीक भोकं आणि आत लटकायला सुती कापड हवं, टर्किशचं नको, त्यात नखं अडकतात. बाटलीच्या टोपणात थोडं पाणी ठेवा. दूध, फळाचा रस, शिजवलेलं काही देऊ नका. खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवून वन्यजीव बचाव करणाऱ्यांना फोन करा. असं हाताळणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असते, तुम्ही घेतलेली नसते. मांजरानं धरलेलं असेल तर जखम दिसत नसली तरी ते पशुवैद्याकडे जायला हवं, मांजराच्या दातांचा संसर्ग आत पसरतो.

नुसतंच दमलेलं आहे असं जाणकारानं सांगितलं, तर अंधार पडल्यावर खोकं उंच जागी आडवं उघडून ठेवा आणि मागे व्हा. हवेत फेकायचं नाही. पंखाला दुखापत असेल तर ते दगडासारखं खाली येतं. पिल्लू असेल, केस नसलेलं किंवा मखमलीसारखं, तर विसाव्याच्या फटीखाली उभ्या खडबडीत कापडावर संध्याकाळी लटकवून लांबून बघा. पुष्कळदा आई येऊन घेऊन जाते. विजेच्या तारेवर मेलेलं मोठं वटवाघूळ दिसलं तरी दुर्बिणीतून त्याच्या पोटाकडे बघा. पिल्लू जिवंत असू शकतं. स्वतः वर चढू नका, वीजखात्याला आणि बचाव पथकाला कळवा.

शेजाऱ्यांशी बोलताना

अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या काँग्रेस अव्हेन्यू पुलाची १९८० मध्ये दुरुस्ती झाली, आणि खाली नकळत काही सेंटिमीटर रुंदीचे, हातभर खोल सांधे तयार झाले. वटवाघळं येऊन राहिली. लोक घाबरले, त्यांना हटवण्याची मागणी झाली. मर्लिन टटल नावाचे अभ्यासक १९८६ मध्ये शहरात राहायला आले आणि घरोघरी, सभांत, शांतपणे बोलत राहिले. आज उन्हाळ्यात त्या पुलाखाली १५ लाखांपर्यंत वटवाघळं असतात आणि ती उडताना बघायला रोज संध्याकाळी पुलावर गर्दी होते.

माझ्या अनुभवात भाषणानं कुणी बदलत नाही. विरोध करणाऱ्या माणसाला एकदा मोजणीला सोबत घ्या. हातात वही द्या. स्वतः सत्तावीस आकडे मोजलेला माणूस बैठकीत आपोआप 'आपली वटवाघळं' म्हणतो. वास येतो, गॅलरीत लेंड्या पडतात ही तक्रार खोटी नसते, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नका. फटीखाली तिरकी फळी ठोकली की लेंड्या गॅलरीत न पडता एका कडेला जमतात. ते काम स्वतः करून द्या.

आमच्या त्या फटीचा भराव आम्ही वरून चार फूट काढून टाकला. पहिली दोन वर्षं कुणी आलं नाही, वहीत ओळीनं शून्यं आहेत. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तीन निघाली. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून खाली बसल्या होत्या. त्यांनी एकोणीस मोजली, मी अठरा. वहीत आम्ही दोन्ही लिहिली आहेत.